शंभर वॉटची बाई

शंभर वॉट! शंभर वॉट म्हणाला हो मला, माझा सख्खा नवरा, तोंडावर! आणि तेही मी काही काम न करता नुसती खुर्चीत टेकले असताना... तुम्हाला सांगते, शिवी दिली असती ना, मी उलट्या दोन दिल्या असत्या, फिट्टंफाट झाली असती. पण वॉट? वॉटला उलटं काय बोलायचं?

आता म्हणाल, बाईला कुणी वॉटमध्ये मोजतं का? अहो, ह्यांनी उभं आयुष्य दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात घालवलं. नोकरीच ती. रिटायर झाले, काटे सुटले, पण हाताची खाज सुटली का? कुठूनसं वीज मोजायचं मीटर आणलं. भिंतीतल्या प्लगला मीटर लावायचं, मीटरला वस्तू लावायची, की आकडा दिसतो. झालं! फ्रिजला लाव, मिक्सरला लाव... इस्त्रीला लावलं तेव्हा तर छातीला हात लावून खालीच बसले. आणि तोंडात एकच, "बसल्या बसल्या किती खातो?" दारावरची बेल वाजली की मी विचारते कोण आहे, हे बेलकडे बघत विचारतात, बसल्या बसल्या किती खाते?

आमच्या टीव्हीला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला होता, त्याच्यावर पिक्चर बघायचो. घरघरायचा गिरणीसारखा, खोटं कशाला बोलू? हिरोईन हळूच काही बोलली की काय बोलली ते आपलं आपण ठरवायचं. पण चालायचा! ह्यांनी तो मोजला. "काहीच करत नाहीये तरी ऐंशी?" उचलला आणि भंगारवाल्याला दिला. आणि कधी? नेमकी माझी ताई यायची होती तेव्हा!

आणि ताई कशाला येणार होती? कारण पिक्चरमध्ये मी आहे! हसताय काय? आहे! लहान होते, आमच्या गल्लीत शूटिंग आलं होतं, मी नळावरून बादली घेऊन निघाले, आणि एक टोपीवाला ओरडला, "ए मुली, थांबू नकोस, तशीच चालत जा!" गेले की. पुढे हिरो, मागे मी. पिक्चर लागला आणि उतरलाही, आम्हाला कोण नेतंय थिएटरात? आणि ही ताई, माझी थोरली बहीण, जन्मभर चारचौघांत काय सांगत आली? "छे गं, ती तू नव्हतीसच. ती कोपऱ्यावरच्या शिंपिणीची पोर होती." बादली माझी, खांदा माझा दुखला, आणि पिक्चरमध्ये शिंपिणीची पोर? शेवटी भाचीने तो पिक्चर कुठून तरी मिळवून पाठवला. मी ताईला फोन लावला, म्हटलं रविवारी ये, दाजींनाही आण, आणि मोठ्या पडद्यावर डोळे फाडून बघ!

आणि घरात मशीन नाही.

ह्यांचं म्हणणं, नवीन घेऊ, पण कमी खाणारं. गेलो दुकानात. दुकानदार गोड हसला, "या वहिनी! हा बघा, आतून सात रंगांचे दिवे लागतात." हे म्हणाले, "दिवे बसल्या बसल्या किती खातात?" तो म्हणाला, "काका, हा घ्या, ह्याच्यावर कुठलाही गेम पळतो." मी म्हटलं, बाबा रे, पळायचं कुणालाच नाहीये, आम्हाला बसून एक पिक्चर बघायचाय. "मग हा प्रोसेसर घ्या, फक्त पासष्ट वॉट." हे अशा नजरेने बघायला लागले, जसा काही त्याने काट्याखाली दगड चिकटवलाय! असं करत सगळी दुकानं पालथी घातली. जोरदार प्रोसेसर घ्यावा तर खातो, दुबळा घ्यावा तर पिक्चर अडखळतो... मुलीला स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली नाही हो ह्या माणसाने!

सापडला शेवटी. काडेपेटीएवढा जीव, दहा वॉट. मी म्हटलं, सुटले! कसली सुटतेय? घरी आणून ह्यांनी तो उघडला. आतला चिमुकला दिवा काढला, खातो म्हणून. आता मशीन चालू आहे की बंद, कळायचं कसं? हात लावून बघायचं. भाजला की चालू! मग टीव्हीच्या पाठीलाच चिकटवला, का, तर लांब वायर नको. आणि मग काढला पंखा. मी म्हटलं, अहो, पंखा राहू द्या, तापेल ते! तर म्हणे, "आवाज करतो, आणि वर एक वॉट खातो." मी म्हटलं, खाऊ दे की बिचाऱ्याला एक वॉट, मी नाही का खात? तेव्हा म्हणाले, आकाशवाणी झाल्यासारखं, "तू बसल्या बसल्या शंभर खातेस. माणूस तेवढे खातोच, मी वाचलंय."

घ्या! इतकी वर्षं ह्याच्या घरात राबले, आणि शेवटी मी फ्रिजच्या वर निघाले.

आला रविवार. ताई सोफ्यावर, दाजी शेजारी, हे मीटरपाशी. पिक्चर सुरू झाला, आवाज म्हणाल तर सुईचा नाही, अगदी देवघर! हिरो आला, आमची गल्ली आली, नळ आला, मी सोफ्याच्या काठावर आले... आणि हिरो एक पाय वर करून थांबला. थांबलाच! मशीन तापून आडवं! ताई म्हणाली, "हं. आता शिंपिणीची पोर कशी दिसायची?" असं म्हणाली! मी तशीच उठले, खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण घेतलं, टीव्हीमागे शिरले आणि घातला वारा, काय वारा घातला! हिरोने पाय खाली टेकला. मी हात थांबवला, हिरो थांबला. हात हलवला, हिरो चालला. "थांबू नकोस," हे ओरडले, "तशीच हलवत राहा!"

आणि तेवढ्यात ताईची किंकाळी... "अगं, तूच आहेस! तेच ते फेंगडं चालणं! बाई बाई, अर्धी बादली सांडली की गं!"

आणि मी कुठे? टीव्हीच्या मागे! वायरी बघत!

म्हटलं, मागे घ्या ना, जरा मागे घ्या! हे मीटरवरची नजर न हलवता म्हणाले, "मागे घेतलं की अठरा वॉट." ताई गेल्यावर एकदा ह्यांनाच कान धरून मागे बसवलं, हातात पुठ्ठा दिला, मी सोफ्यावर. गल्ली आली, नळ आला, बादलीची कडी दिसली... आणि ह्यांनी वारा सोडून मीटर बघितलं. बंद!

आता शेजारपाजारचे येतात मला पिक्चरमध्ये बघायला. सगळ्यांनी बघितलं, अगदी शिंपिणीच्या पोरीनेसुद्धा येऊन बघितलं, दोन आसवं गाळून गेली. कुणी विचारलं, "काका, मशीन बसल्या बसल्या किती खातं हो?" तर हे छाती फुगवून सांगतात, "फक्त दहा!"

मागे बसलेले शंभर कोण मोजतंय?