राणीच्या हातातल्या बांगड्या

नाही, कॉफी राहू दे, ईशानी, आधी हे नाव काढ. प्रूफ तपासायला या म्हणालीस म्हणून मी सत्याहत्तराव्या वर्षी बर्फातून बस पकडून तुझ्या लायब्ररीत आलो, आणि प्रदर्शनाच्या पहिल्याच पॅनलवर चूक? वरचं ठीक आहे — युद्ध संपलं, हॅलिफॅक्समध्ये पैसा आला, घरोघरी फ्रिज, दारात गाड्या, कॉलेजला बर्फावरच्या हॉकीची नवी कोरी रिंक — नाटकवाल्यांना मात्र सैन्याने टाकून दिलेली लाकडी बराक, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण असू दे. हा फोटो बघ. 'राणीच्या भूमिकेत शर्ली बर्क, १९५८.' शर्ली? कशावरून? मनगट बघ. बांगड्या आहेत, काचेच्या. हिरव्या — फोटो काळा-पांढरा असला म्हणून काय झालं, मला माहीत आहेत. लग्नात मुंबईला भरलेल्या, हातातून निघायच्याच नाहीत. नोव्हा स्कोशियातली कोणती शर्ली हिरव्या बांगड्या भरत होती, सांग ना.

ही ग्लॅडिस आहे, आमच्या मुंबईचीच. माझी बायको. होती.

प्रॉम्प्टर होती ती — पडद्याआडून वाक्यं सांगायची, म्हणून सगळं नाटक पाठ. शुक्रवारी शर्लीला ताप भरला, दुपारी हिला उभं केलं. एकच प्रयोग. जन्मात ती स्टेजवर गेली ती तेवढी एकदाच. परवा आमच्या अवीवाला सांगितलं तर पोटची पोर म्हणते, "मॉम? नो वे." आणि तुम्ही लोक — चाळीस वर्षं बातमीदारी केली मी, तीन संपादकांना पहिल्या पानावर दुरुस्ती छापायला लावली — तुम्हाला एक नाव तपासता येत नाही? कुणी लिहिलं हे? काय दाखवतेस... कॉलेजचं साप्ताहिक. हं. खाली नाव आहे, दिसतंय. अवनेर पेणकर. वाचता येतं मला.

मग ऐक. त्याच संध्याकाळी रिंकवर फायनल होती, आणि दोन्हींची बातमी माझ्याकडेच. नाटकाचं परीक्षण रंगीत तालमीवरून आधीच लिहून द्यायचं — सगळेच द्यायचे, मी एकटा नाही. 'शर्लीच्या आवाजाने बराक भरून गेली.' मॅच संपवून घरी आलो तर ही तोंडावरचा रंग न पुसता बसलेली, मला दाखवायला. अंक शनिवारी दुपारी छापायला जायचा. म्हणजे माझ्याकडे अख्खी सकाळ होती. नाव बदलून घ्यायला गेलो नाही. गेलो असतो तर मी नाटकाला नव्हतोच हे कळलं असतं, आणि शहरातल्या पेपरने मला नोकरी कबूल केली होती — आपल्यासारख्या माणसाला, त्या काळात. सोमवारी अंक आला. तिने उभ्या उभ्या वाचला, घडी घालून ठेवला, म्हणाली, "छान लिहिलंयस." बस. पुढे पन्नास वर्षं नाटकाचं नाव नाही. मी विचारायला हवं होतं का? हवं होतं. नाही विचारलं. पुढच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल.

काय म्हणालीस? छापील पुरावा लागतो? अगं, छापील पुरावा माझाच आहे, आणि तोच खोटा आहे. लिही ना तसं — बातमीदार हजर नव्हता. माझ्या नावासकट लिही.

पॅनल छापायला कधी जाणार, दुपारी? आत्ता दहा वाजलेत. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस. अख्खी सकाळ आहे तुझ्याकडे. जा.