खोलीला दार होते

जबाब देणार: वेणूबाई, नवरा मयत शिवदास घरत. वय वर्षे चौतीस. धंदा नर्स व सुईण. राहणार धर्मार्थ दवाखान्याच्या आवारातील खोली, चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. पौष महिना, सन १९३३.

चौकीवर समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मयत ठमाबाई ही माझी सख्खी आई. वय सत्तरीच्या आसपास. कमरेचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर होती. मला भाऊ नाही, त्यामुळे तिचे न्हाणे-धुणे, उठवणे-बसवणे सगळे माझ्याकडे. ती आज सकाळी माझ्यादेखत वारली. दवाखान्याचे मुख्य पंच दयारामशेठ, जे सुपारीचे बागायतदार आहेत, त्यांनी चौकीत वर्दी दिली की औषधांच्या कपाटाची चावी माझ्याकडे असते, म्हातारी वाळून मेली, सबब त्यांना माझा संशय आहे. त्यावरून हा जबाब होत आहे.

आई उपाशी होती हे खरे. तहानलेली होती हेही खरे. ते का, हे सांगते.

दवाखान्यात बाळंतपणासाठी एक खोली आहे. सुपारीचा हंगाम लागला की शेठ तीत आपल्या बागेची सुपारी भरतात आणि बाळंतिणी ओटीवर येतात. मी तोंडी सांगून थकले. मार्गशीर्षात बायजा ही कोळीण अडलेली आली. ओटी नुकतीच सारवलेली, ओलीगच्च. खाट सुपारीच्या पोत्यांखाली. तेव्हा मी माझ्या राहत्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून उतरवले, दोन बाकड्यांवर टाकले आणि बायजाला त्यावर घेतले. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी गेल्या.

दार मीच काढले. कोणाला त्याचा दोष द्यायचा असेल तर द्यावा. तशीच बाई पुन्हा आली तर पुन्हा काढीन.

त्यानंतर मी अलिबागला सिव्हिल सर्जन साहेबांकडे तक्रारीचा अर्ज केला, की बाळंतपणाची खोली रिकामी करून मिळावी. अर्ज तिकडे गेला आणि चौकशी करून कळवावे म्हणून दयारामशेठांच्याच हाती परत आला. शेठ मला रागावले नाहीत. ते कधी आवाज चढवत नाहीत. दार त्यांनी शिपाई येसाजीकडून उचलून सुपारीच्या कोठीत ठेवले व कुलूप घातले. मी मागायला गेले तेव्हा म्हणाले, "तुम्हीच काढलंत ना, बाई? गरिबांच्या उपयोगी पडलं. आता राहू दे."

माझी खोली बाजाराच्या रस्त्यावर उघडते. आईची खाट समोरच, कारण दुसरी जागा नाही. मी चौकटीला लुगडे बांधले. येसाजीने ते सोडून माझ्या हातात दिले व सांगितले की दवाखान्याच्या चौकटीला काही बांधायचे नाही, असा हुकूम आहे. मी चटई उभी केली, तीही गेली. मग रोग्यांचे बाकडे, जे इतकी वर्षे पिंपळाखाली होते, ते माझ्या चौकटीसमोर आणून ठेवले. औषधाला आलेला माणूस तिथे बसे आणि समोर माझी आई.

शेठ मला रोज लांबच्या वाड्यांवर कामे काढून पाठवू लागले. मी परत येईपर्यंत आई तशीच पडून असे. एकदा मी आले तर तिचे अंथरूण ओले होते, बाकड्यावरची माणसे नाकाला पदर-उपरणे लावून बसली होती आणि आईने डोळे मिटून घेतले होते. ती जागी होती. मी तिला त्या सगळ्यांसमोर पुसले, बदलले. माझी पाठ आड करता येईल तेवढी केली. एका माणसाची पाठ किती पुरणार?

दुसऱ्या दिवसापासून आईने पाणी सोडले. पेज तोंडाशी नेली तर ओठ मिटून घेई. मी रागावले, हातापाया पडले. ती म्हणाली, "पोटात न्हाय गेलं तं भायेर येनार न्हाय, वेणू. समोर मानसा हाईत."

मी तिची खाट फिरवून तोंड भिंतीकडे केले. त्यावर म्हणाली की आता कोण बघतंय तेही कळत नाही, हे त्याहून वाईट, पुन्हा फिरव. मी पुन्हा फिरवली. दमदाटी करून तिला घोट घोट पाजत होते, ती गालात धरून ठेवी आणि मी वळले की उशीवर सोडून देई. मी आजवर परक्यांची आजारी माणसे पाजली, जगवली. स्वतःच्या आईच्या घशाखाली पाणी उतरवता आले नाही.

हवालदारांनी विचारले की नोकरी सोडून का गेला नाहीत. आईचे हाड गाडीचे हिसके सोसणारे नव्हते, आणि अलिबागहून उत्तर येईल अशी मला आशा होती.

आज सकाळी आई गेली. मी तिचे डोळे मिटते आहे तोच येसाजी सुताराला घेऊन आला व दार बसवू लागला. आई आतच होती. मी सुताराला म्हणाले, जरा हळू ठोका. सवयीने म्हणून गेले. नंतर हवालदार साक्षीला पंच घेऊन आले. खोलीस सागवानी दार आहे, सुस्थितीत आहे, आतून कडी लागते, असा पंचनामा झाला. शेठांचे म्हणणे की दार बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी बसवले होते. बाकड्यावर बसणारी सगळी त्यांची कुळे. त्यांनी तसेच सांगितले.

मी बायजाचे नाव दिले. कोळणी पाट्या घेऊन रोज त्याच रस्त्याने बाजाराला जातात आणि त्या शेठांच्या मिंध्या नाहीत. बायजा तान्ही मुलगी घेऊन आली. हवालदारांनी तिला विचारले, खोलीला दार नव्हते हे तू किंवा तुमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिले काय?

बायजा म्हणाली, "न्हाय सायेब. आमी त्या वाटंनं गेलोच न्हाय. नर्सबाय बोलल्या का म्हातारी उघड्यावर परलीय, तवा मीच वाड्यातल्या बायांना सांगितला, तळ्याकरून जावा. लांब परते, पन म्हातारी लाजली असती."

मला त्या क्षणी बायजाचा राग आला. मग रडू आले. साऱ्या गावात तेवढ्याच बायकांनी माझ्या आईची लाज राखली, आणि म्हणूनच त्यांची साक्ष चालत नाही.

हवालदार म्हणाले की संशय लेखी असल्यामुळे प्रेत अलिबागला फाडणीसाठी पाठवणे भाग आहे. मी मुंबईच्या इस्पितळात शिकले आहे, ते टेबल मी पाहिले आहे. अंगावर चिंधी ठेवत नाहीत. शिकणारी मुले भोवती उभी असतात. वास येतो म्हणून दार उघडे ठेवतात.

दयारामशेठ बाहेर बसले होते. ते वहाणा काढून आत आले व हवालदारांना म्हणाले, "बाईंनी अलिबागचा अर्ज मागं घेतला, तर माझा तरी संशय कशाला राहील? म्हातारं माणूस, आज ना उद्या जायचंच." मग मला म्हणाले की कामावर उद्या नाही आलात तरी चालेल, परवा या.

मी थोडा वेळ मागितला. तो मिळाला. बायजाने मला पाणी आणून दिले. ते मी प्याले.

पुरवणी म्हणून सांगते की, वरील मजकूर दुःखाच्या भरात बोलून गेले, तो धरू नये. अलिबागचा अर्ज मी मागे घेत आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आई म्हातारपणाने गेली. आमच्या खोलीला दार होते. ते आतून लागत असे. आईला कोणी पाहिले नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे व खरा आहे. प्रेत ताब्यात मिळावे, आणि नेताना ते पायांपासून डोक्यापर्यंत झाकण्यास मला हरकत होऊ नये.

सही: वेणूबाई घरत