सात नंबरचा ट्रॅप

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कारखानाप्रमुख माननीय नमिता मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती पुंडलिकदादा, पहिल्या रांगेतल्या इंदुवहिनी आणि धाटावच्या तिन्ही शिफ्टमधल्या बंधुभगिनींनो,

मी हरेश, दादांचा शिफ्ट इन्चार्ज. दादांच्या स्वभावाबद्दल गोडगोड बोलायचं ठरवून आलो होतो. तो कागद खिशातच राहू द्या.

इंदुवहिनी, छत्तीस वर्षं दादांनी काय सांभाळलं? स्टीम ट्रॅप. वाफेच्या लाइनवरचा मुठीएवढा डबा. वाफ थंडावली की पाणी होतं. ट्रॅप ते पाणी बाहेर सोडतो आणि वाफ आत अडवतो. पाणी आत साचलं तर मागून येणारी वाफ ते तोफगोळ्यासारखं भिरकावते आणि लोखंडी पाइप फोडते.

सहा वर्षांपूर्वीचा तो शनिवार. बडे पाहुणे यायचे होते. गेटजवळचा सात नंबरचा ट्रॅप वाफ सोडताना दिसला. मला वाटलं, गळतोय, लाज जाणार! अहो, चांगल्या ट्रॅपमधूनही गरम पाण्याबरोबर थोडी वाफ दिसतेच, एवढंही या इंजिनिअरला कळू नये? तापलेल्या चाकाला रुमाल गुंडाळून मी त्याचा व्हॉल्व्ह बंद केला. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. व्हॉल्व्ह परत खोलायचं मी विसरलो.

सोमवारी सकाळी लाइन सुरू करायची होती. दादांनी मुख्य व्हॉल्व्ह जेमतेम पाव फेरा खोलला आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्रॅपला, मूठ कानाला लावून एकेक ट्रॅप ऐकत निघाले. सातव्याशी थांबले. लाइनमध्ये ठक... ठक... सुरू झालं. खाली चिमा आणि शीतल फरशी धूत होत्या.

मी ओरडलो, "दादा, उशीर होतोय, पूर्ण खोला!"

"पानी हाय आत, साहेब. मी खोलनार नाय."

"ही ऑर्डर आहे!"

"आसूं दे. चिमे, शीतल, बाहेर व्हा गो आधी!"

त्यांनी वाफ बंद केली, लाइन शांत होऊ दिली, मग सातव्याचा व्हॉल्व्ह खोलला. पाणी वाहतच राहिलं. दहा मिनिटं! चाकावर माझा रुमाल तसाच होता. दादांनी तो गुपचूप खिशात घातला.

वरून विचारणा झाली, उशीर का? मी लिहिलं, 'पुंडलिक यांनी आदेश मोडला.' मेमो निघाला. हेड फिटरची बढती गेली. दुसऱ्या दिवशी टेबलावर तो रुमाल, धुऊन, घडी घालून. "गरम चाकाला फडका लावा, साहेब. रुमाल जलतो." बस्स, एवढंच.

दादा, मान हलवू नका, बोलू द्या. वहिनी, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, यांनी घरीही सांगितलं नाही. सहा वर्षं बढतीवरून तुम्ही यांनाच बोल लावलात ना? दोष माझा होता.

मॅडम, हा माझा लेखी कबुलीजबाब. माझं काय करायचं ते उद्या करा. पण तो मेमो आज, या सभेसमोर रद्द करा, आणि मगच दादांच्या खांद्यावर शाल घाला. त्यांना डाग घेऊन घरी पाठवू नका.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. सात नंबरची माफी मात्र सभेकडे मागत नाही. दादा, ती तुमच्याकडे मागतोय. नाही दिलीत, तरी चालेल.