वकीलसायबाच्या पायाखालची माती

माही सासू काय चीज होती, ते ऐका. अकोटहून अकोल्याले तवा नवीनच एसटी सुरू झाली होती. बसमंदी पोरगं भुकेनं रडाले लागलं, म्हणून मी त्याले पाजाले घेतलं. तर समोरचे वकीलसायेब म्हणतात, "बाई, चारचौघांत हे बरं दिसत नाही."

सासू कडाडली, "म्हंजे तुमी पाहून राहिले! नजर लावली माह्या नातवाले. पाय उचला!"

"कशाला?"

"तुमच्या पायाखालची माती पायजे. नजर काढा लागते."

वकीलसायबानं मुकाट्यानं पाय उचलले. सासूनं चिमूटभर माती पोरावरून ओवाळली, खिडकीबाहेर फेकली अन् साऱ्या बसले विचारलं, "अजून कोनं पाह्यलं?"

अकोला येईस्तोवर सारे गडी खिडकीबाहेर पाहत बसले. माहं पोरगं मातर पोटभर प्यालं.