पश्चिमेच्या खिडकीची तारीख

सून : हे बघा आई, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही आपली मागची खोली. जितका लाल रंग, तितकी भिंत तापलेली.

सासूबाई : अगं बाई, ही तर नुसती पेटलीय!

सून : पश्चिमेची खिडकी ना. म्हणून तर हे म्हणतात, बुजवूनच टाकू. उद्या गवंडी येतोय.

सासूबाई : तुझ्या कॉम्प्युटरला कसं कळतं ऊन कुठे पडतं ते? आत डोकावलाय थोडाच!

सून : घराचं तोंड कुठे ते सांगायचं आणि तारीख घालायची. त्या दिवशी सूर्य कुठे असेल ते तो काढतो. मी ऐन उन्हाळ्यातली घातलीय.

सासूबाई : तेवढीच? वर्षभर काय उन्हाळाच असतो?

सून : त्रास तेव्हाच होतो ना. गेल्या वर्षी याच खोलीत चक्कर येऊन पडलात. केवढे घाबरलो होतो आम्ही!

सासूबाई : पडले खरी. पण थंडीतली घाल बघू एखादी. डिसेंबर संपता संपताची. वर्ष मात्र तू या घरात यायच्या फार आधीचं.

सून : वर्ष कुठलंही चालेल. त्या तारखेला सूर्य दरवर्षी जवळजवळ तिथेच असतो.

सासूबाई : अजून तिथेच? बरंय बाई त्याचं.

(सून तारीख बदलते. पडद्यावरचा लाल रंग ओसरतो.)

सून : अरेच्चा! ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत जातंय.

सासूबाई : तिथेच तुझ्या सासऱ्यांची खुर्ची असायची. छापखान्यातून आले की शाईच्या हातांनीच उन्हात तोंड करून बसायचे. दिवसभर कानाशी यंत्रांचा खडखडाट, म्हणून बजावायचे, आता मला कुणी हाक मारायची नाही. आणि तुझा नवरा, एवढासा होता, गुपचूप मांडीवर चढायचा. म्हणायचा, मी कुठे हाक मारली?

सून : हे कधी बोलले नाहीत मला.

सासूबाई : तो काय बोलणार! दोघंही तिथेच पेंगायचे. मी चहा घेऊन यायची, दारात जराशी उभी राहायची आणि तशीच परत फिरायची.

सून : मग सकाळी हे खिडकी बुजवू म्हणाले, तेव्हा गप्प का बसलात?

सासूबाई : माझ्या काळजीनेच म्हणत होता गं. त्याला नाही कशी म्हणू?

सून : थांबा हं. आतून पाहिलं तर उन्हाळ्यात ऊन उजव्या अंगाने येतं, थंडीत डाव्या. खिडकीबाहेर उजव्या कडेला एक रुंद, उभी फळी लावली तर... बघा, उन्हाळ्यातला लाल रंग किती उतरला!

सासूबाई : आणि थंडीतलं ऊन?

सून : ते आहे तस्सं.

सासूबाई : पुन्हा एकदा दाखव बरं.

सून : हे घ्या. गवंड्याला नको म्हणून कळवते, सुतारालाच बोलावू. यांना खुर्चीचं सांगू का?

सासूबाई : नको. आठवत नाही म्हणेल आणि मनातल्या मनात खट्टू होईल. थंडी पडली की त्याला एकदा तिथे बसव. बाकी काही बोलू नकोस.