फळीवरचं तेल

मिस्त्री : ...म्हणजे ही गवंड्याची पातळी बघायची पारदर्शक नळी तू फळीवर बांधलीस, आत तेल ओतलंस, आणि आता ती मला कार्ब्युरेटर जुळवायला शिकवणार?

ताई : तुला कोण शिकवणार? ती फक्त दाखवते.

मिस्त्री : वा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या की माणूस इंजिनाचा शास्त्रज्ञ होतो, हे माहीत नव्हतं.

ताई : एकवीस. नळीची दोन टोकं दोन कार्ब्युरेटरांना जोडायची. दोघांची ओढ सारखी असेल तर तेल दोन्हीकडे एका उंचीला राहतं. नाहीतर ज्याची ओढ जास्त, त्याच्या बाजूला चढतं.

मिस्त्री : आणि चढत चढत इंजिनात गेलं तर?

ताई : नुसता धूर होईल. पाण्याने इंजिन बिघडलं असतं, म्हणून तर तेल घातलं. धुराची तुझ्या गिऱ्हाइकांना सवय आहे.

मिस्त्री : ताई, मला सगळा बाजार कानवाला मिस्त्री म्हणतो. दोन कानांत दोन रबरी नळ्या घालायच्या, डाव्या कानात डाव्या कार्ब्युरेटरची, उजव्यात उजव्याची. दोघांचा श्वास ऐकायचा, स्क्रू फिरवायचा. फळ्या-बिळ्या लागत नाहीत.

ताई : मग मास्तर तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले ते काय तुझी खुशाली विचारायला?

मिस्त्री : गाडी थरथरते म्हणतात. वय झालं, स्वतःच थरथरत असतील.

ताई : हे तू त्यांना तोंडावर म्हणालास. घरी येऊन तुझ्या बायकोला सांगून गेले ते, ही शेवटची खेप म्हणून.

मिस्त्री : मग त्यांचीच गाडी घे. सकाळीच जुळवलीय. फरक निघाला नाही, तर ही फळी तू स्वतःच्या हाताने भंगारात टाकायचीस.

(इंजिन सुरू होतं.)

ताई : चार बोटं.

मिस्त्री : काय?

ताई : चार बोटं वर चढलं तेल. उजवीकडे.

मिस्त्री : फळी वाकडी आहे तुझी.

ताई : फळी वाकडी धरली म्हणून तेल वाकडं होत नाही.

मिस्त्री : मग नळीत कचरा असेल.

ताई : थांब, टोकं बदलून लावते. बघ, आता तेल फळीवर दुसऱ्या बाजूला चढलं. म्हणजे नळी ठीक आहे. ओढ उजव्या कार्ब्युरेटरचीच जास्त. जो जास्त उघडा, त्याची ओढ कमी; म्हणजे डावा तू गरजेपेक्षा जास्त उघडलायस.

मिस्त्री : स्क्रू ढिला झाला असेल.

ताई : तू जुळवलेल्या त्या फोटोग्राफरच्या गाडीचाही? तू जेवायला गेलास तेव्हा ती बघितली. मग तुझी स्वतःची बघितली. दोन्हींत डावाच जास्त उघडा.

मिस्त्री : मला न विचारता?

ताई : विचारलं असतं तर फळी आतापर्यंत रस्त्यावर असती. इंजिन बंद कर जरा.

मिस्त्री : केलं. बोल.

ताई : गाड्या तीन, स्क्रू तीन, कान मात्र तेच. डाव्याचा श्वास तुला बारीक ऐकू येतो, म्हणून तू तो उघडत जातोस.

मिस्त्री : कोण म्हणालं तुला?

ताई : कोणी नाही. जेवताना मी तुझ्या डाव्या हाताला बसते. मीठ मागितलं की तू हसून मान डोलावतोस.

मिस्त्री : हिला माहीत आहे?

ताई : तिला वाटतं, तू हल्ली तिच्याशी मुद्दाम बोलत नाहीस.

मिस्त्री : दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, इतकी वर्षं चालू इंजिनाशी कान लावून बसलात. आता कानवाल्या मिस्त्रीचा कानच गेला, हे कोणाला सांगू? बाजार हसला असता.

ताई : हसला असता. मीही हसले असते. आणि मग फळी केली असती, दीड वर्ष आधी. मास्तरांनाही ते ऐकून घ्यावं लागलं नसतं.

मिस्त्री : त्यांच्याकडे जाईन मी. गाडी घेऊन, स्वतः.

ताई : आधी जुळव तरी. कर चालू. स्क्रू हळूहळू फिरव, आणि नजर तेलावर ठेव.

मिस्त्री : तिकडून बोलू नकोस. इकडे ये, उजवीकडे. हं, आता सांग, किती फिरवू?