अलीशेबा उर्फ एलिझाबेथ

(सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिनमधलं एक सरकारी कार्यालय, सकाळची वेळ. अधिकारी सफूरा अरबीत बोलते, शाळेत शिकवायचा परवाना मागायला आलेली शिक्षिका अलीशेबा मराठीत; श्रीवर्धनचा जमालुद्दीन दोघींमधला दुभाषा.)

सफूरा : पासपोर्टवर एलिझाबेथ, बीएडच्या पदवीवर अलीशेबा. या दोन वेगळ्या बायका आहेत. पुढच्याला बोलवा.

जमालुद्दीन : बाई, खलास म्हणतेय. चला, उठू या. शाळेला सांगू, दुसरी कोण ती बघा.

अलीशेबा : मी उठणार नाही, जमालुद्दीनभाई. गणित शिकवणारी बाई मी, तीन वर्षं नवऱ्याच्या इकाम्यावर, त्याच्या राहण्याच्या परवान्यावर, घरात बसलेय. त्यांना विचारा, जन्मतारीख एकच आहे ना? वडिलांचं नाव?

सफूरा : एकच आहे. पण जुळ्या बहिणीही असतात.

अलीशेबा : इथे बाई एक आणि नावही एकच. जालन्याला बाप्तिस्म्याच्या वेळी आजोबांनी अलीशेबा ठेवलं, मूळ हिब्रू. पासपोर्ट काढताना एजंट म्हणाला, इंग्रजीत याला एलिझाबेथ म्हणतात. खोटं नव्हतं ते, पण आज असं अंगाशी आलं.

सफूरा : 'शेबा'चं 'झाबेथ' कसं होईल?

अलीशेबा : ग्रीक भाषेत 'श' नव्हता. त्यांनी 'एलिसाबेत' केलं, पुढे इंग्रजीत एलिझाबेथ झालं. बाहेर गाड्या लावतात त्या जागेला मॅडम काय म्हणतात, विचारा.

सफूरा : बार्किंग.

अलीशेबा : बघा. अरबीत 'प' नाही, म्हणून पार्किंगचं बार्किंग झालं. जागा तीच राहिली.

जमालुद्दीन : मॅडम हसली, बाई. गालातल्या गालात, पण हसली.

सफूरा : अर्थ काय या नावाचा?

अलीशेबा : 'एली' म्हणजे माझा देव. 'शेबा'त शपथही आहे आणि सात हा आकडाही. माझा देव हीच माझी शपथ, असा अर्थ लावतात.

सफूरा : सात? आम्ही सबआ म्हणतो.

जमालुद्दीन : आणि आपण सप्त. सप्त, शपथ, सगळं एकच की, बाई. सांगू का?

अलीशेबा : नका सांगू. तो योगायोग आहे. चुकीचा पुरावा मला द्यायचा नाही.

सफूरा : काय कुजबुजताय? ही अलीशेबा होती कोण?

अलीशेबा : हारूनची बायको. मूसा पैगंबराच्या भावाची. आणि जमालुद्दीनभाई, आत येताना तुम्ही म्हणालात ना, मॅडमच्या पाटीवर सफूरा लिहिलंय? ते मूसाच्या बायकोचं नाव. हिब्रूत सिप्पोरा, म्हणजे पाखरू.

सफूरा : आमच्यात चिमणीला उसफूर म्हणतात. माझ्या आजीचं नाव हे. शाळेत मुली चिवचिव करून चिडवायच्या मला. पण त्या सफूराच्या दिराच्या बायकोचं नाव कुणी कधी सांगितलं नव्हतं.

अलीशेबा : म्हणजे या दोघी जावा-जावा. सांगा त्यांना.

जमालुद्दीन : जावेला अरबी शब्द मला नाय ठाऊक. दोन सख्ख्या भावांच्या बायका, असं सांगतो.

सफूरा : कळलं. पण नात्यावर शिक्का मारत नाही मी. दोन्ही नावं एकाच बाईची, असा कागद हवा.

अलीशेबा : फायलीत सगळ्यात खाली आहे. प्रतिज्ञापत्र, दूतावासाच्या शिक्क्याचं, अरबी भाषांतरासकट. दोनदा फाइल परत आली. तळापर्यंत कुणी गेलंच नाही.

सफूरा : थांबा, बघते... तारीख बरोबर. शिक्का बरोबर. हे मी आधी वाचायला हवं होतं. नोंद करते, अलीशेबा उर्फ एलिझाबेथ. रविवारी आठवडा सुरू होतो, तेव्हापासून वर्गावर जा.

जमालुद्दीन : झालं, बाई, तुमचं काम झालं. वीस वर्षं या खुर्च्यांवर लोकांबरोबर बसतोय मी. मॅडमनं चूक कबूल केलेली आज पहिल्यांदा ऐकली.

अलीशेबा : नावाच्या आधी त्यांनी काय लिहिलंय? मला अरबी वाचता येत नाही.

जमालुद्दीन : मुअल्लिमा. शिक्षिका.

अलीशेबा : पुन्हा एकदा वाचा.